दुसरी खेप

खडकवस्ती, पालीपासून चार किलोमीटर,
जि. बीड
१२ एप्रिल २०१३

प्रिय राधाकिशन,

मंगळवार, ९ एप्रिल, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळात मी स्वतः पाहिली, तेव्हा वेळेबद्दल वाद घालू नकोस. त्या मिनिटाला तू काळा झगा सावरत उभा राहिलास, निळ्या पुठ्ठ्याची एक वही वर धरलीस आणि न्यायमूर्तींना सांगितलंस की खडकवस्तीला टँकरच्या रोज दोन खेपा येतात, तक्रारीत तथ्य नाही, आणि न्यायालयानं टँकर हाकायला बसू नये. मी शेवटच्या बाकावर होते. डोक्यावरून पदर घेतला होता, जो मी माझ्या सासूसमोरही कधी घेतला नाही. म्हणून तुला दिसले नाही.

पाडव्याला तू आला नाहीस, त्याचा राग या पत्रात मिसळणार नाही. तो वेगळा आहे आणि त्याला वेगळं पाकीट लागेल.

मी औरंगाबादला हायकोर्टात कशी, हे आधी सांगते. आपल्या वस्तीवरच्या त्रिंबकनं जानेवारीत वहीचं पान फाडून मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं होतं. दोन खेपा मंजूर असताना एकच येते, दुसरी कुठं जाते, एवढंच विचारलं होतं. शुद्धलेखन भयंकर होतं. ते सुधारायला तो माझ्याकडं आला, तेव्हा मी त्याला हसले की देशाचं कोर्ट काय तुझं पत्र वाचत बसणार आहे? कोर्टानं वाचलं. वाचलं आणि याचिका म्हणून दाखल करून घेतलं. तारखेला जायचं ठरलं तेव्हा शेजारची चंद्रभागाबाई दारात येऊन बसली. म्हणाली, "बाई, तिथं समदं इंग्रजीत बोलतेत म्हनं. आमाला काय कळंना. तुमी चला." सरकारी वकील तूच आहेस हे तिला माहीत नव्हतं. मला होतं. तरी मी गेले. पहाटेची एसटी, गेवराईला चहा, शहागडच्या पुलावर खाली वाळूच वाळू. गोदावरी एवढी उघडी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तू उत्तम बोललास. हे मी आई म्हणून नाही, निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून लिहिते. तुझे उच्चार स्वच्छ होते, वाक्यं पूर्ण होत होती. मदर अगाथांनी मला छडी मारून शिकवलेलं इंग्रजी तुझ्या तोंडून वाया गेलेलं नाही. मी एकेक वाक्य मराठी करून चंद्रभागाबाईच्या कानात सांगत होते. आपल्याच मुलाचं आपल्याच वस्तीविरुद्धचं बोलणं असं शेजारणीच्या कानात ओतायची वेळ कुठल्या आईवर आली असेल, मला ठाऊक नाही. मध्येच ती म्हणाली, "ह्यो आपला किशन न्हवं? सुंदररावाचा?" मी म्हटलं, गप बस. थोड्या वेळानं पुन्हा वाकून म्हणाली, "लई झ्याक भांडतंय लेकरू. आपल्या इरोधात भांडतंय, पर झ्याक." मागचा शिपाई तोंडावर हात ठेवून हसला.

आता तुझ्या युक्तिवादाकडं येते. तू म्हणालास, आज टँकर, उद्या शाळेचं छप्पर, परवा रस्त्यावरचा खड्डा. सगळंच न्यायमूर्ती ठरवू लागले तर लोकांनी निवडून दिलेल्यांनी काय करायचं? आणि न्यायमूर्ती चुकले तर त्यांना घरी कोण पाठवणार? यातलं निम्मं मला पटतं. शाळेत मी वर्गशिक्षकांची कामं स्वतः करायला लागले, त्या वर्षी सगळे शिक्षक आळशी झाले आणि कळस म्हणजे पालक मला शाबासकी देऊन गेले. दुसऱ्याचं काम करून घेतलेली शाबासकी वाईट असते, हे मान्य. पण राधाकिशन, मंगळवारी कोर्टानं टँकर हाकला कुठं? कोर्टानं विचारलं की तो गेला कुठं. त्या दोघांतल्या धाकट्या न्यायमूर्तींनी चष्मा काढून त्रिंबकला मराठीत विचारलं, दुसरी खेप किती वाजता येते? आणि आपला त्रिंबक हात जोडून म्हणाला, "सायेब, यील त्या दिवशी सांगतो." तेव्हा हसू तुझ्याही तोंडावर आलं होतं. मी पाहिलं.

ती खेप कुठं जाते हे वस्तीवरचं शेंबडं पोरही सांगेल. फाट्यावर डावीकडं आपल्याकडं वळायच्या ऐवजी सरळ जाते, साखर कारखान्याच्या नव्या अतिथिगृहाच्या बांधकामावर. त्रिंबक सायकल घेऊन तीनदा मागं गेला. तिथं भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. इथं आपल्या कोरड्या विहिरीत एक टँकर ओततात आणि ऐंशी घरं पोहऱ्यानं गढूळ शेंदून काढतात. त्याच कारखान्याचे तुझे वडील पहिल्या दिवसापासूनचे सभासद. बैलगाडीतून गावोगाव फिरून लोकांना सांगत होते की हा कारखाना आपला आहे, मालक आपणच आहोत. मालकाच्या बायकोला आता दोन हंड्यांवर भागवावं लागतं. कारखान्याच्या अध्यक्षांना मी फोन केला. म्हणाले, ठेकेदाराशी बोलतो. मग तहसीलला अर्ज दिला, पंचायत समितीला दिला. तुझे ते निवडून आलेले लोक जिथं जिथं बसतात तिथं तिथं मी जाऊन आले, गुडघ्यांसकट. त्यानंतरच त्रिंबकच्या पत्राला काही अर्थ असेल असं मला वाटू लागलं.

तेवीस तारखेला पुढची सुनावणी. तोवर तुझी ती निळी नोंदवही खोटी ठरली नाही तर याचिका निकाली निघेल आणि मग कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. जूनपर्यंत दाद मागायला जागा नाही. एप्रिल-मे एका खेपेवर काढायचे. चंद्रभागाबाईच्या सुनेला सातवा महिना आहे आणि ती रोज दोन वेळा विहिरीवर वाकते.

काल पाडवा. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली. सुभद्राबाई आली, कर्नाटकातून, हात फाटलेले. त्रिंबकजवळ त्या वहीच्या झेरॉक्सची प्रत होती, कोर्टातून मिळालेली. त्यानं तिला फेब्रुवारीची पानं दाखवली. टँकरच्या प्रत्येक खेपेला गावातल्या दोन बायकांची निशाणी लागते, हा नियम तुला माहीत आहे, तूच कोर्टाला तो कौतुकानं सांगितलास. पानोपानी एक सही आणि तिच्याखाली सुभद्राबाईच्या नावाचा अंगठा. ती म्हणाली, "मी तिकडं कोयता चालवीत हुते. हिथं माजा अंगठा कुनी उठवला?" सगळे हसले. मग तिनं वरच्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही कुणाची? त्रिंबक माझ्याकडं न बघता म्हणाला, ऱ्हाऊ दे. त्याला जानेवारीपासून माहीत होतं, राधाकिशन. शुद्धलेखन सुधारून घ्यायला आला होता तेव्हापासून. तरी त्यानं कोर्टात माझं नाव घेतलं नाही.

सही माझी आहे. तू ती ओळखलीसच. कोर्टात म्हणालास, या वहीवर एका निवृत्त मुख्याध्यापिकेची सही आहे, तिच्या सचोटीबद्दल मला व्यक्तिशः खात्री आहे. ती तुझी आई आहे हे सांगितलं नाहीस. बरं केलंस. पदराखाली मला घाम फुटला होता.

झालं असं. टँकरचा ड्रायव्हर सटवा डिसेंबरात वही घेऊन आला. अंगठ्यांवर वरचा साहेब शंका काढतो म्हणाला. "बाई, तुमची इंग्रजी सही बघून सायेब निस्ता खाली मान घालून पास करतो." मला ते आवडलं. माझ्या तिरक्या, जोडलेल्या अक्षरांच्या सहीचं कौतुक गेल्या दहा वर्षांत कुणी केलं नव्हतं. टँकर कधी तिन्हीसांजेला येई, कधी भर दुपारी, माझे गुडघे दुखत. मी त्याला म्हटलं, आण, महिन्याची पानं एकदमच करून देते. शिक्षकांनी हजेरीपटावर उद्याची सही आज केली तर मी मेमो देत असे. आणि मी दिवसाला दोन ओळी, पहिल्या खेपेची एक, दुसऱ्या खेपेची दुसरी, अशा साठ-साठ सह्या करत होते आणि सटवा चहा पीत होता. टँकर खरंच दोनदा येतो का, हे मी उठून पाहिलं नाही. त्रिंबकचं पत्र वाचल्यावरही थांबले नाही, कारण थांबले असते तर आधीच्या सह्या खोट्या ठरल्या असत्या. चोरी त्यांनी केली. पण पावती मी दिली. अर्ज घेऊन कचेऱ्या झिजवत होते तेव्हाही ही सही माझ्या मागून चालत होती.

आणि तू विचारलं नाहीस, असं मी वर म्हटलेलं नाही, कारण तू विचारलं होतंस. सत्तावीस मार्चला, धुळवडीच्या दिवशी, फोन करून. आई, वहीत तुझ्या सह्या दिसतात, दोन्ही खेपा येतात ना? मी म्हटलं, सह्या माझ्याच आहेत, त्यात काय विचारायचं? तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, आईच्या सहीवर विश्वास नाही का तुझा? तू फोन ठेवलास. कोर्टात तू खोटं बोलला नाहीस. तू माझं खोटं बोललास.

आज सकाळी मी खुर्ची घेऊन विहिरीवर बसले. दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली खेप आली. मी वेळ लिहिली, एकच सही केली. सटवा म्हणाला, "बाई, आता कावून तरास देता? पुढच्या बी करून टाका." मी म्हटलं, पुढची आली की करीन. चंद्रभागाबाई, सुभद्राबाई, आणखी नऊ जणी उभ्या होत्या. संध्याकाळी सव्वापाचला, राधाकिशन, दुसरी खेप आली. डिसेंबरपासून पहिल्यांदा. सुभद्राबाईनं स्वतःचा अंगठा स्वतः उठवला आणि सटव्याच्या सदऱ्याला शाई पुसली.

हे पत्र मी लिहिते आहे ते यासाठी की तेवीस तारखेला मी त्रिंबकच्या बाजूनं शपथपत्र देणार आहे, की डिसेंबर ते मार्चच्या त्या सह्या मी कोऱ्या पानांवर केल्या. कोर्टानं त्रिंबकला नेमून दिलेल्या वकिलानं फोनवर ऐकून मसुदा तयार केलाय. तू समोरच्या बाजूला असशील, आणि हे तुला भर कोर्टात कळावं असं मला वाटत नाही. कोर्टानं काय करावं, काय करू नये, याचा वाद तू जन्मभर घाल, मी ऐकीन, मध्येच टोकीन. पण ती वही तू मागे घे. मला वाचवायला नको. माझ्यावर कारवाई झाली तर होऊ दे, तुरुंगात निदान नळ असेल. उभा राहून न्यायमूर्तींना सांग की दिलेली माहिती चुकीची निघाली आणि ती सही माझ्या आईची आहे. ते सांगायचं धाडस तुझ्यात आहे, हे मला धुळवडीच्या त्या दुसऱ्या प्रश्नावरून कळलं. तू सांगणार असशील तर मी तुझ्यानंतर उभी राहीन, नसशील तर आधी. कोणतं, ते लेखी कळव. फोन नको, फोनवर मी काय करते ते तू पाहिलंस. हे पत्र पोचपावतीसह रजिस्टर करते आहे. शनिवार, २० एप्रिल, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तुझं उत्तर, तुझ्या सहीनं, माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझीच, आणि तुझ्याविरुद्ध साक्ष देणारी,
आई