बारा मार्चच्या माशा

प्रिय प्रसेनजित,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, असं धरून लिहिते. फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच. येत्या शुक्रवारी पुण्यातल्या त्या संस्थेत तुझी पीएचडीची मुलाखत आहे, आणि तू आपली लॅब मधेच का सोडलीस हे त्यांनी वीरभद्र सरांना लेखी विचारलंय. उत्तराचा मसुदा लिहायचं काम सरांनी माझ्याकडं दिलंय, कारण तुझ्यावर बोट दाखवणारी मीच. तुझी जागा त्या एका उत्तरावर अडलेली आहे हे मला पक्कं माहीत आहे.

इथं सगळं तसंच चाललंय. धाराशिवचं ऊन यंदा जून संपत आला तरी हटलेलं नाही. लॅबच्या मदतनीस कमलबाई अजून रोज सकाळी मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून आपल्या फळमाशांच्या खाण्याचा शिरा करतात, आणि माशांचे इतके लाड म्हणून आम्हाला बोलणी ऐकवतात. त्यांच्याकडूनच कळलं की तू सध्या भूमला घरी आहेस, दहावीच्या शिकवण्या घेतोस. हे सांगताना त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, ती मला आवडली नाही. माझा स्वभाव तुला माहीतच आहे. तेर गावातल्या आमच्या घरात कडी तीनदा ओढून बघितल्याशिवाय कुणी निजत नाही, त्यातच मी वाढले. माझा पेन जागेवर नसला तर आधी कुणी नेला हे माझ्या मनात येतं, मग मी पिशवीत बघते.

एप्रिलमध्ये तेच झालं. आपण दोन जातींचा संकर करून ज्या माशा वाढवल्या होत्या, त्यांचे स्नायू दुबळे निघायला हवे होते. नळी गादीवर ठोकली की सगळ्या माशा तळाला पडणार, आणि दहा सेकंदांत एकीनंही वरची रेघ ओलांडायची नाही, यावरच माझा सगळा प्रबंध उभा होता. आणि चाळीसपैकी अकरा नळ्यांत माशा धडाधड वर चढल्या. तू शेजारी बसून मोजत होतास. मला वाटलं तुझा आवाज जरा जास्तच शांत आहे. कुणीतरी चांगल्या माशा आत सोडल्यात, हे मी त्याच मिनिटाला ठरवून टाकलं.

मग मी पाळत ठेवायला लागले. ट्रेच्या कडेला चिकटपट्टी लावून तिच्यावर बारीक सही करायचे. तू भिंगाखाली बघत असलास की पाणी प्यायच्या निमित्तानं मागून जायचे. तू फोन घेऊन बाहेर गेलास की घड्याळ लावायचे. एका सोमवारी चिकटपट्टी सरकलेली सापडली, आणि रविवारी तू लॅबमध्ये येऊन गेल्याचं कळलं. तू सांगितलंस की लाइट गेली होती, माशांचं थंड कपाट तापायला लागलं होतं, म्हणून ट्रे बाहेर काढून ओल्या टॉवेलात ठेवले आणि लाइट येईपर्यंत बसून राहिलास. मी सरांसमोर म्हटलं की गोष्ट छान रचलीय. तू लॅबची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि परत आलाच नाहीस. ते निघून जाणंही मी तुझ्याविरुद्धच धरलं.

कमलबाई परवा बोलता बोलता म्हणाल्या की त्या रविवारी खरंच चार तास लाइट नव्हती, टॉवेल त्यांनीच भिजवून दिले होते. मी विचारलं, तेव्हा का न्हाय सांगितलं. त्या म्हणाल्या, मला कुणी इचारलं का बाई?

लॅबची दुसरी किल्ली आपल्याच लॅबमधल्या कृष्णराजकडं होती. तो तर प्रत्येक रविवारी यायचा. माझी नजर एकदाही त्याच्याकडं वळली नाही. का, हे मी पंधरा दिवस स्वतःला विचारतेय. तू एकदा तेरला आमच्या घरी आला होतास. आईनं तुझं आडनाव विचारलं आणि तुला कागदी कपात चहा दिला, आम्हाला मात्र कपबशीत. मी बघितलं आणि बिस्किटांचा पुडा फोडत बसले. तूही बघितलं होतंस. घरातलं ते सगळं मी घरातच ठेवून येते, असा माझा मोठा समज होता. तुझ्यावर संशय घ्यायला मला पुरावा लागला नाही, एवढं खरं आहे. मला त्याची लाज वाटते.

आता बारा मार्च. प्रबंधासाठी मी त्या चाळीस नळ्या, आतल्या माशांच्या आया कधी वेचल्या होत्या त्या तारखेनुसार लावल्या. बिघडलेल्या अकराच्या अकरा नळ्या एकाच दिवशी वेचलेल्या माद्यांच्या निघाल्या. नळ्यांवर तर, मोजणाऱ्याला काही कळू नये म्हणून, कृष्णराजनं घातलेले नुसते आकडे होते, तारखांची यादी सरांच्या कपाटात बंद. बाहेरून माशा सोडणाऱ्याला बारा मार्चच्याच नळ्या नेमक्या कशा सापडल्या असत्या? तुला ठाऊकच आहे, सकाळी साडेआठला नळ्या पार रिकाम्या करायच्या आणि त्यानंतर जन्मलेल्या माद्याच दुपारी वेचायच्या. उशीर झाला तर मादी आपल्याच नळीतल्या नराशी जुळते, आणि पुढची पिल्लं धडधाकट निघतात. बारा मार्चला माझ्या चुलतभावाचा साखरपुडा होता. मी लॅबमध्ये पोचले दुपारी तीनला. नळ्या रिकाम्या केल्याच नव्हत्या. होत्या त्या माद्या वेचल्या आणि वहीत लिहिलं, नळ्या रिकाम्या केल्या सकाळी साडेआठ. एका दिवसानं काय होतंय, असं वाटलं. विसरले होते असं आता लिहिलं तर तेही खोटंच होईल. एप्रिलमध्ये पहिल्या नळीत माशा वर चढल्या तेव्हाच मला ती दुपार आठवली होती. शेजारी तू होतास, आणि मला ते सोयीचं पडलं.

काल मी हे सगळं सरांना सांगितलं.  ते म्हणाले, तुझा शोधनिबंध जाईल, फेलोशिप जाईल, नीट विचार कर. त्यानं घरगुती कारणानं लॅब सोडली असं लिहिलं तर त्याचंही फार बिघडत नाही. मी मान डोलावली, प्रसेनजित. तिथं बसून मान डोलावली. गुरुवारी मसुदा द्यायचाय, आणि घरी कळलं की आप्पा फोनवर फोन करतील. आजवर मी सगळ्यांवर संशय घेतला, आता स्वतःवर घेते. गुरुवारपर्यंत मी टिकेन याचा मला भरवसा नाही. मोबाइलवर लिहिलं असतं तर पुसून टाकलं असतं, म्हणून हे पेनानं लिहिलंय, प्रत्येक पानावर सही केलीय आणि वहीतल्या बारा मार्चच्या पानाची प्रत सोबत जोडलीय. स्पीड पोस्टानं टाकून येईन, म्हणजे माघारी घेता येणार नाही. शुक्रवारी आमच्या लॅबचं उत्तर काहीही आलेलं असो, हे पत्र मुलाखत घेणाऱ्यांपुढं ठेव. माझ्यावर दया करू नकोस.

‘तुझीच’ लिहायचा हक्क मी घालवला, म्हणून नुसतीच,
शिवांजली