बोरं पिकेपर्यंत

बाई,

टक्. टक्. तुमच्या छत्रीचं लोखंडी टोक दगडावर आपटायचं, तो आवाज आज सकाळपासून कानात बसला आहे. शाळा मागे पडलेली, आम्ही रांग कधीच मोडलेली, आणि पुढे तो आवाज. ऊन असो, थंडी असो, छत्री तुमच्या हातात असायचीच. नदीकाठच्या काळ्या खडकावर पोचलो की ती एकदा जोरात आपटायची, म्हणजे सगळ्यांनी गप्प. मग पाण्याकडे तोंड करून आम्ही नदीची कविता म्हणायची. पुस्तकात ती पहिल्या पानावर असो की शेवटच्या, वर्गात तुम्ही ती कधी शिकवलीच नाहीत. वाहत्या पाण्याजवळ नेऊन शिकवायची, ही तुमची रीत. मी एकदा ती आधीच पाठ करून वर्गात घडाघडा म्हणून दाखवली होती, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर बघत सगळी ऐकून घेतलीत आणि म्हणालात, “पाठ झाली बाबू. पण तू अजून नदीवर कुठं गेलास? बस खाली.” मी बसलो. कान गरम झाले होते. पुढे आयुष्यात पुष्कळांनी मला खाली बसवलं, पण त्यातलं एकही बसणं मला असं आठवत नाही.

आमच्या वर्षी आपण गेलो ते संक्रांत झाल्यावर. खिशात तिळगूळ होता, तो पाण्यात उभं राहून खाल्ला, आणि पाणी घोट्याच्या वर होतं. काठावरच्या बोरी लालभडक झालेल्या. कविता म्हणून झाल्यावर तुम्ही आम्हाला बोरं वेचायला सोडलंत आणि स्वतः खडकावर छत्री उघडून बसलात, जणू ती सगळी नदी तुम्हीच आणून तिथं सोडली होती.

मग मी शिकलो, नोकरीला लागलो. बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठची ती वर्षं. वाशीम तेव्हा अकोल्याचा तालुका होता. तलाठी, ग्रामसेवक, ओव्हरसियर, पंचायत समितीची मंडळी, यांना पाऊसपाण्याचं काही शिकवावं म्हणून सरकारने एक वर्ग काढला होता, आणि मी त्या वर्गाचा मास्तर. कापसाच्या गोदामाला लागून एक हॉल, भिंतीवर पुण्याहून आलेले तक्ते, समोर पेंगणारी माणसं. मी जीव तोडून शिकवायचो. मला वाटायचं, ज्यांच्या सहीने विहीर खणली जाते, ज्यांच्या सांगण्यावरून बंधारा होतो, त्यांनाच पाऊस कळला नाही तर पुढचा दुष्काळ याहून वाईट येईल. पण ते मला नीट सांगता येत नसे. मग रविवारी एसटीने शिरपूरला तुमच्याकडे यायचं, हे ठरलेलं.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली चूल, तव्यावर भाकरी फुगते आहे. तुम्ही ताटात अंबाडीची भाजी वाढता आणि सहज बोलावं तसं बोलता. शाळेबाहेर तुमची बोली वेगळीच असायची.

“यंदा लेकरं दसऱ्याच्या आधीच नेली नदीवर.”

“काहून?”

“दसऱ्यानंतर पानी राहते काय? मागं दिवाळी झाल्यावर नेत होती. तुमच्या वक्ती तं संक्रांतीले. कविता तेच हाये, मी तेच हाव. नदीच लवकर चालली जाते.”

भिंतीवरचे सगळे तक्ते मिळून जे मला सांगता येत नव्हतं, ते तुम्ही भाकरी उलथता उलथता सांगून टाकलं होतंत. मी म्हणालो, बाई, हे आमच्या वर्गात येऊन सांगा. तुम्ही हसलात. “एका नदीचं सांगून काय होते? आमचीच आटत असंन तं तिचं दुखणं असंन. साऱ्याईचीच लवकर आटत असंन, तं हवाच बदलली म्हना. ते तुमच्या सायबाईले इचारा लागंन.”

वर्गाच्या त्या सत्राच्या शेवटच्या दिवशी तुम्ही आलात. त्याच दिवशी अकोल्याचे साहेब पाहणीला यायचे होते. वर्ग पुढे चालवायचा की गुंडाळायचा, हे त्यांच्या हातात होतं आणि माझी रात्रीची झोप उडाली होती. टक् टक् करत तुम्ही हॉलमध्ये शिरलात तशी मागच्या बाकावर खसखस पिकली. “बाई, आभाळात ढगाची चिंधी नाई, अन् छत्री?” तुम्ही म्हणालात, “ढग नाई म्हनूनच तं छत्री. ऊन कोन अडवंन, तुमी?” हॉल हसला. मग तुम्ही छत्री एकदा जमिनीवर आपटलीत, आणि काय सांगू, ती मोठी मोठी माणसं पोरांसारखी गप्प झाली.

तुम्ही त्यांना घरचा अभ्यास दिलात. आपल्या गावी जा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी नदी कोणत्या सणापर्यंत वाहायची? आणि आता कोणत्या सणाला आटते? बस, एवढंच, आणि उत्तर पुढच्या सत्राला आणा. तेव्हा एक तरुण तलाठी उठला, वाशीमच्याच मुसलमान घरातला, वर्गात सगळ्यांना हसवणारा. चेहरा अगदी गंभीर ठेवून म्हणाला, “बाई, आमची ईद तं दरसाली सरकते. नदी लवकर आटली का ईदच सरकली, हे कसं कयंन मले?”

सगळा हॉल लोटपोट. सर्वांत जास्त हसलात तुम्ही. पदराने डोळे पुसलेत आणि म्हणालात, “बरोबर हाये तुमचं. मंग बोरीवर मोजा. बोर तं साऱ्याईचीच पिकते.”

साहेब माणूस वाईट नव्हते. शेवटच्या खुर्चीवर बसून तेही हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, करमणूक छान झाली, पण हे वरती दाखवायचं कसं? महिना उलटायच्या आत वर्ग बंद झाल्याचं कळलं. तक्ते गुंडाळून गोदामात गेले, माणसं आपापल्या गावी आणि बदल्यांवर पांगली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन यायला वर्गच उरला नाही.

तुम्ही मात्र वाट पाहत राहिलात. प्रत्येक रविवारी भाकरी ताटात पडायच्या आधी विचारायचात, “आलं काय रे बाबू, कोनाचं उत्तर?” मी म्हणायचो, नाही बाई. तुम्ही म्हणायचात, “येईन. अभ्यास कठीन हाये, टाइम लागते.” शेवटच्या आजारात तुम्हाला भेटायला आलो तेव्हा तुमचा आवाज पार बसला होता, तरी तुम्ही नुसत्या भुवया उंचावल्यात. मला कळलं काय विचारता आहात. मी नाही म्हणून मान हलवली. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं.

आता वाशीम जिल्ह्याचं ठिकाण आहे. माझ्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं पुण्याला आहेत, फोन करतात. मी सकाळी शाळेतल्या कविता एकेक करून म्हणतो, म्हणजे घरात कोणी बोलतं आहे असं वाटतं. मागच्या आठवड्यात अधिकाऱ्यांचं हवामान बदलाचं प्रशिक्षण होतं. जुना माणूस म्हणून मलाही बोलावलं. पडद्यावर रंगीत नकाशे होते, हे तरुण अधिकारी हुशार आहेत, आमच्या वर्गासारखे पेंगत नाहीत. मला दोन मिनिटं दिली. मी तुमचा प्रश्न सांगितला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, फार आदराने वाजवल्या, आणि चहाची वेळ झाली. कोणी विचारलं नाही की मग उत्तर काय आलं. पेपरात त्याच्या चार ओळी आल्या, माझ्या नावासकट. ते कात्रण दाखवायला घरात कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

थांबा बाई. दाराशी कोणीतरी आहे. टक् टक् वाजतं आहे.

परत आलो. काठी टेकत एक गृहस्थ आले आहेत, पांढरी दाढी, धाप लागलेली. जऊळक्याहून बसने आले म्हणे. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तेव्हा तेच म्हणाले, “ओयखलं नाई ना? मी तो ईदवाला तलाठी.” पाणी प्यायले. मग खिशातून पेपरची घडी काढली. “याच्यात वाचलं, तवा तुमचं घर हुडकलं. मले त्या बाईचा पत्ता पायजे होता. वर्गात मी मजाक केली, अन् घरी गेलो तं अम्मीनं पटकन जवाब देऊन टाकला. सांगाले येतो तं वर्गच बंद! मंग बदल्या झाल्या, राहूनच गेलं. बाई खूप म्हाताऱ्या झाल्या असतीन ना आता?”

माझ्या पुढ्यात हे कागद पसरलेले. पेन उघडंच. मी म्हणालो, “सांगा. मी त्याईलेच लिहून राह्यलो.”

ते खुर्ची जवळ ओढून बसले आहेत, लहान मुलाला सांगावं तसं सावकाश सांगत आहेत. अम्मी लहान होती तेव्हा त्यांच्या गावची नदी बोरं पिकून संपेपर्यंत वाहायची. ते स्वतः लहान असताना, तुरीच्या शेंगा भरेपर्यंत. आपला वर्ग झाला त्या साली, सीताफळं यायच्या आतच आटली. “लिवलं काय?” ते मधेमधे विचारतात, “बरोबर लिवा, बाई तपासतीन.”

लिहितो आहे, बाई. एक एक शब्द लिहितो आहे. हे पत्र कुठं जाणार नाही, तेवढं मात्र मी त्यांना सांगितलेलं नाही.