बादली मुद्दाम नेली

प्रिय सिग्ने,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. वृद्धाश्रमाच्या अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं तूच भरलंयस, मला फक्त सही करायची आहे. ‘कारण’ या रकान्यात तू सुबक अक्षरात लिहिलंयस : स्मरणशक्ती कमी झाली आहे, नकळत शेजारच्या जागेत जातात. शुक्रवारी तू येशील आणि आपण दोघं एकमेकांकडे न बघता कॉफी पीत बसू, म्हणून आधीच लिहून टाकतोय. अक्षर थरथरलंय खरं, पण त्यावरून लगेच डॉक्टरला फोन करू नकोस बाई. काल समेट मंडळात जे झालं त्याची धुंदी अजून उतरलेली नाही. चाळीस वर्षं फेरीबोट चालवली, पण भर वादळातही छाती अशी उडत नव्हती.

पोलिसांनी शेजारच्या हेर्दिसची तक्रार मंडळाकडे पाठवली होती हे तुला माहीतच आहे. समेट झाला नाही तर फाईल परत पोलिसांकडे, आणि बाबांना विसर पडतो असं तू त्यांना फोनवर जे सांगितलंस तेच मग कायमचं खरं ठरणार. मंडळातर्फे आली होती तुवा, शाळेची बस चालवते ती. समोर हेर्दिस, ठेवणीतला कोट घालून, पोस्टाच्या खिडकीत बसायची तशी ताठ. माझा फोटो तिनं टेबलावर आपटला. मी तिच्या दलदलीत गुडघ्यांवर, हातात मुल्त्याच्या केशरी फळांची बादली, डोक्याच्या वर ‘मुल्ते वेचण्यास मनाई’ अशी पाटी. म्हणाली, “याच्या स्वतःच्या दलदलीत मुल्ते पिकून सडतायत, आणि हा कप्तान माझ्या पाटीखालून रांगत येतो. खुन्नस आहे, दुसरं काय?”

मी तू पढवलेलंच बोलणार होतो. आठवत नाही म्हणा बाबा, सुटाल. पण तुवानं ‘का’ असं विचारलंच नाही. ती म्हणाली, “आर्न्ट, ते राहू द्या. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत छातीत काय काय होत होतं, तेवढं सांगा.” सिग्ने, आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, डॉक्टरनं नाही, तूही नाही. मी तोंड उघडलं आणि मग ते मिटेचना.

सांगितलं की रविवारी हेर्दिसची गाडी चर्चसमोर उभी दिसली की मी निघायचो. भजनमंडळींना घसा बसल्याचं कळवलेलं असायचं. तिथेच बसून पोटभर खाल्लं तर कायदा काही म्हणत नाही, बादलीत भरून नेलं की चोरी, हे मला पाठ आहे. म्हणून तर बादली मुद्दाम नेली. रिकाम्या पत्र्यावर पहिली फळं टणटण वाजतात, म्हणून तळाला शेवाळ अंथरलं. तांबडं जाकीट नको म्हणून तुझ्या आईचा हिरवा रेनकोट घातला, बगलेत उसवला तो. कुंपण ओलांडलं की घशाला कोरड पडायची, कानात रक्त ठणकायचं, आणि एकेक मुल्ता देठापासून सुटताना पोटात असं काही व्हायचं की चौऱ्याहत्तर वर्षांचा मी नऊ वर्षांचा होऊन जायचो. माझ्या दलदलीतली वेचायला गेलो होतो एकदा. पाठ दुखली आणि परत आलो.

मी थांबलो तेव्हा लाजेनं कान तापले होते. आता हेर्दिस मला सोलणार असं वाटलं. पण ती कोटाच्या बटणाशी चाळा करत बसली होती. तुवानं कागद पुढेमागे केले आणि सहज विचारलं, “फोटो तीन तारखेचा आहे हेर्दिस, आणि तक्रार सतराची. मध्ये काय झालं?” हेर्दिस म्हणाली काही नाही. मग लाल झाली. मग, पोरी, तिनं जे सांगितलं त्यानं मी खुर्चीतून पडायचाच बाकी होतो. पहिल्या रविवारीच तिला संशय आला होता. त्यानंतर ती गाडी मुद्दाम चर्चसमोर लावायची आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं सायकल हाणत परत येऊन झुडपामागे दुर्बीण घेऊन पडायची. “आणि सतरा तारखेला मी दोन तास चिखलात पडले, सँडविचसुद्धा नेलं होतं, आणि हा बाबा आलाच नाही,” ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, “असा संताप आला की तशीच ओल्या कपड्यांनी पोलिसांत गेले.”

मला त्या रविवारी ताप होता. तसं मी सांगितलं तर म्हणते कशी, कळवायचं तरी. तुवा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मग समेटाचा कागद झाला. तक्रार मागे, आणि चोरीच्या फळांचा मुरंबा केलाय त्यातल्या चार बरण्या तिला. उदार होऊन ती म्हणाली, पाटीही काढते. मी म्हटलं, पाटी काढलीस तर तक्रार मी करीन. ते कलम खोडलं.

आता तुला सांगायचं ते. इतके दिवस मी गप्प का बसलो? तुझी आई मार्चमध्ये गेली. ऑगस्टमध्ये मी तिचा रेनकोट घालून शेवाळात पोटावर पडलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. हे तुला कसं सांगणार होतो? बापाला विसर पडायला लागलाय असं तू समजलीस, रडलीस, आणि मी तुला रडू दिलं, कारण बाप आनंदात होता हे कळण्यापेक्षा ते मला बरं वाटलं. चोरीपेक्षा तो गुन्हा मोठा आहे, आणि त्याची माफी मी तुझ्याकडे मागतो. बाकी हे पत्र म्हणजे माझा कबुलीजबाब आहे. त्या अर्जाला जोडून डॉक्टरला दाखव. रकान्यातलं तुझं कारण खोड आणि तिथे लिही : पूर्ण शुद्धीत चोरी केली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा छाती धडधडली म्हणून. त्याखाली मी सही करतो.

तुझाच, सगळं लख्ख आठवणारा,
बाबा