तळपायाचा तीळ

१४ ऑक्टोबर, सकाळ

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मी इकडे खुशाल. खुशाल कसली, हवेतच आहे! आज मी चालले गं, आत्या. दोन्ही पायांत बूट घालून, कुणाचा हात न धरता, जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि दूध घेऊन परत. पिशवी अशी मिरवत आणली की समोरच्या गच्चीवरच्या आजोबांना वाटलं असेल, हिला लॉटरी लागली.

आता तू म्हणशील, चालण्याचं कसलं कौतुक, वर्षाची होतीस तेव्हापासून चालतेस. थांब, सांगते. फोनवर बोलले नाही, कारण तू स्पीकर लावतेस आणि माझी साधी सर्दीसुद्धा अख्ख्या आळीत पोचते. म्हणून पत्र. बसून वाच. दादाला माहीत आहे, पण त्याच्यावर डाफरू नकोस. तुला न सांगण्याची शपथ मीच घातली होती.

माझा तळपायाचा तीळ! तो तू काय विसरणार? सगळ्या बायका पाळण्यात डोकावून नाक कुणाचं, डोळे कुणाचे करत होत्या, तेव्हा तू माझा पाय उलटा करून जाहीर केलं होतंस, "तळपायाला तीळ! ही परदेशी जाणार!" मला इथल्या रंगखान्यात नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, शिकली म्हणून चालली. तू म्हणालीस, तिळाने नेली. आणि वर स्वतःचे पाय दाखवलेस, "हे बघा, कोरे करकरीत. म्हणून मी गावाबाहेर पडले नाही."

तर तो तीळ गेला. कापून काढला.

उन्हाळ्यात तो पसरायला लागला होता. मला वाटलं, कारखान्यातला काळा रंग लागलाय. आमच्याकडे जमीनच रंगलेली असते, तिथे पायांचं काय! तू दिलेल्या वजरीने रोज घासला. हटेना. औषधांच्या दुकानात दाखवला, तर दुकानदाराने कुरुपाची पट्टी हातात ठेवली. तुला व्हिडिओवर दाखवला, तर तू टाळ्या पिटल्यास, "तीळ वाढला! आता आणखी लांबचा देश!" मीही खो खो हसले.

माझं काम तुला ठाऊक आहे. रंगवलेला कापडाचा तुकडा दिव्याच्या पेटीत नमुन्याशेजारी धरायचा आणि शेड जुळते की नाही ते सांगायचं. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी मोजा काढला आणि पाय सरळ त्या पेटीत घातला. आत्या, एका डागात तीन शेड! एकीकडे तपकिरी, मधे काळा, टोकाला निळसर, आणि कडा फुटलेली. असा माल मी एका नजरेत नापास करते. तेवढ्यात रंगमास्तर आले.

"बाई, आता पायही रंगवायला टाकताय का?"

"मास्तर, हा पीस तुम्ही पास कराल?"

ते वाकले, बघितलं, आणि त्यांचं हसू गेलं. "डॉक्टरकडे जा. आजच जा."

जा म्हणणं सोपं. या गावात कातडीचा डॉक्टर औषधालाही नाही. एक दवाखाना, एक डॉक्टरीणबाई. त्याच बाळंतपणं करतात, त्याच प्लास्टर घालतात, आणि दाढ दुखली तरी लोक त्यांच्याच दारात. पण बाई सरळ. म्हणाल्या, "हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय. पण थांबायचं नाही, एवढं मला कळतं." शहरातल्या तज्ज्ञांना त्यांनी फोटो पाठवले, फोनवर त्यांना विचारत विचारत कापलं, आणि मांडीची कातडी काढून तळव्याला ठिगळ लावलं. ते धरेपर्यंत तो पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. काढलेला तुकडा तपासायला शहरात गेला. कॅन्सर निघाला. कातडीचा. लिहिलं बघ एकदाचं.

रडू नकोस. आणि स्वतःला बोल लावून घेशील तर याद राख. माझ्या पायाकडे इतक्या कौतुकाने बघणारं दुसरं कोण होतं गं मला?

आता मी हवेत का, ते ऐक. काल पुढचा रिपोर्ट आला. कडा स्वच्छ! म्हणजे जिथून कापलं तिथे आजाराचा मागमूस नाही. मी ते शेजारणीला तीनदा वाचून दाखवलं, तर तिने माझ्याबरोबर स्वयंपाकघरात नाच केला. मी एका पायावर, ती दोन. शिवाय शहरातल्या त्या तज्ज्ञांनी मला तारीख दिली! लोक महिनोन्‌महिने वाट बघतात, मला पुढच्याच महिन्यात बोलावलंय. हॉस्पिटल मोठं आहे, खिडकीतून नदी दिसते म्हणे. आगगाडीने एक दिवसाचा प्रवास. मी बॅगसुद्धा खाली काढून ठेवलीय.

बरं. जांघेत एक गाठ हाताला लागते. ती काढून बघायची आहे. आजार तिथवर पोचलाय का, ते त्यावरून कळेल. नसेलही. असेलही.

हॉस्पिटलवाल्यांनी फोनवर विचारलं, सोबत घरचं माणूस आहे ना? मी म्हटलं, आहे. कोण? तोंडातून निघून गेलं, "आत्या."

दादा यायला तयार होता, पण वहिनीचे दिवस भरत आलेत, त्याला कसं ओढू? आणि खरं सांगू, तो आला असता तरी मला तूच हवी होतीस. मी नाचतेय, उड्या मारतेय, सगळं खरं आहे. पण मला भीती वाटते, आत्या. शुद्धीवर येताना कुणीतरी माझा पाय हातात धरून बसलेलं हवंय.

दादाने हौसेने काढलेला तुझा पासपोर्ट कपाटात साडीच्या घडीत पडलाय. "बिनतिळाच्या बाईला कशाला," म्हणून तूच तिथे ठेवलास. काढ तो. व्हिसाचं दादा बघतोय. तुझे पाय कोरे आहेत, ठाऊक आहे मला. आता माझाही कोरा झाला, तरी मला इथून कुणी परत पाठवलं नाही. तेव्हा ते शास्त्र गुंडाळून ठेव आणि ये. वजरी मात्र आणू नकोस.

वाट बघतेय,

तुझी, आता तुझ्यासारखीच बिनतिळाची,
छबी