अंगठा लागेना

९ एप्रिल

अंगठा लागला नाही! धुतला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला — मशीन आपलं लालच. बिरवाडीत हलिमाभाभीच्या दुकानात ही गर्दी, आणि सगळ्यांसमोर सासूबाई माझ्या हाताकडे अशा बघत होत्या, जणू मी चोरी करताना सापडलेय.

भाभीकडेच अंगठा लावून सरकारी योजनेचे बायकांचे महिन्याचे पैसे निघतात. तिने माझं बोट उजेडात धरलं. 'रेषाच झिजल्यात गो. करतेस काय हातांनी?'

काय करते! महिनाभर भाताच्या रोपांसाठी राब भाजतोय. कवळाच्या फांद्या तोडा, डोक्यावरून आणा, वाफ्यावर पसरा, पेटवा, राख सारखी करा. घरी आलं की भांडी, तीही राखेनेच.

गेल्या वर्षी खातं उघडताना भाभीने विचारलं होतं, एटीएम कार्ड हवं का. सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, 'कार्ड हरवतं. अंगठा कुठं जातोय?' आता कार्ड मागायचं तर त्याच्याही अर्जाला अंगठा! घ्या!

१० एप्रिल

सकाळी खराटा हातात घेतला तर सासूबाईंनी हिसकावला. 'उजवा हात कशाला लावायचा नाय आजपासून. समजलीस?' मग कोकमतेलाचा गोळा दिव्यावर वितळवून माझ्या अंगठ्याला चोळला. टाचांना लावतात ते तेल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझा हात हातात घेतला असेल. अंगठ्यासाठी का होईना!

१४ एप्रिल

शेजारची शकू दारातूनच ओरडली, 'काय गो राणीसाहेब, जेवण भरवायला येऊ का?' हसले मी पण. दोन दिवस खरंच मजा वाटली. खोटं कशाला बोलू?

२ मे

मजा संपली. पाणी सासूबाई आणतात, लाकडं सासूबाई फोडतात, शेण सासूबाई काढतात. मी ओट्यावर बसून बघायचं. आईकडे पोलादपूरला चार दिवस जाऊन येते म्हटलं तर — 'तिकडं चूल फुंकत बसशील, ऱ्हाऊ दे.' खाली रस्त्यापर्यंतही एकटी सोडत नाहीत.

श्रुतिका सुट्टीला आलीय. माझी नणंद. महाडला कॉलेजात, हॉस्टेलवर राहते. योजनेचे पैसे आले नसते तर गेल्या वर्षीच विरारच्या स्थळाला उजवून टाकली असती तिला. आज माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, 'वहिनी, तुझ्या अंगठ्यावर माझं सगळं हाय गो.' तिच्यावर राग तरी कसा धरू? आणि धरायचा नाही तर मग तो राग ठेवू कुठे?

११ मे

अंगठा लागला. हिरवा! नोटा माझ्या हाताला लागायच्या आधीच सासूबाईंच्या कनवटीला गेल्या. दर वेळी तसंच असतं.

तिथे प्रियदर्शिनी भेटली, माझ्या माहेरची मैत्रीण. बिरवाडीत पॅकिंगच्या कंपनीत जाते. म्हणाली, 'गणपतीच्या आधी बायका घेणार आहेत. तुझं नाव सांगून ठेवते. तू बारावी झालीयेस, डोंगरावर काय करतेस?' माझा नवरा सुधीरही बिरवाडीतच कामाला, दोन पोरांबरोबर खोलीत राहतो. मी गेले तर आमची वेगळी खोली. वेगळी चूल. बापरे!

१२ मे

सुधीरला फोन केला. 'आई म्हणेल तसं.' सासूबाईंना विचारलं. 'कंपनीत कसलं कसलं औषध असतं. अंगठा जाईल. मग पोरीच्या हॉस्टेलचं काय?'

संपलं. माझ्या अंगठ्याला घर आहे, मालक आहे, तेलपाणी आहे. बाकीची मी कुठे राहू हे कोणी विचारत नाही!

१० जून

आजही अंगठा लागला. सासूबाई बाहेर चहा घेत होत्या तेव्हा हलिमाभाभी हळूच म्हणाली, 'तुझ्या सासूला सांगू नको मी बोलले म्हणून. तिच्या खात्यात पहिल्यापासून पैसे पडून आहेत. गेल्या वर्षी तीनचारदा एकटी येऊन गेली. दहा बोटांतलं एकपण लागत नाय. बँकेत गेली, ते म्हणतात केवायसी करा. केवायसीला परत अंगठा.'

घरात हे कोणालाच माहीत नाही. बाबांना, म्हणजे सासऱ्यांनासुद्धा नाही. आम्ही समजत होतो, त्यांचा अर्जच बाद झाला.

संध्याकाळी त्या तेल लावत होत्या तेव्हा मी त्यांचा अंगठा पाहिला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत. मला एवढं भरून आलं! आणि तेवढाच संतापही आला — बाई, स्वतःचं हे झालं तर मला का बांधून ठेवता?

८ जुलै

लावणी सुरू. मी बांधावर इरलं पांघरून बसलेय आणि छप्पन्न वर्षांच्या सासूबाई चिखलात वाकल्यात. बाबा नांगर धरतात, पण लावणीला वाकायचं ते बायकांनीच. शकूची सासू जाताना बाबांचं नाव घेऊन मोठ्याने बोलली, 'सून देवळात बसवलीय वाटतं नाथूच्या घरात!' मान वर करायची सोय नाही. शेवटी उतरले आणि आवणाची रोपं उपटायला लागले. सासूबाई अशा किंचाळल्या की बाबांनी बैल थांबवले. 'हात बाहेर काढ! हात बाहेर काढ आधी!'

परत बांधावर. रडले. भर पावसात कोणाला कळणार होतं?

११ जुलै

सासूबाई बांधावरून घसरल्या. पाय मुरगळला, केवढा सुजलाय! डॉक्टर म्हणाले, महिनाभर टेकायचा नाही.

मग रानात कोण? मी! दोन्ही हातांनी, कोपरापर्यंत चिखलात. कंबर मोडली, पण काय सांगू, बरं वाटलं. सासूबाई मात्र घरात पडून एकच जप करतायत — 'अंगठा गेला गो, अंगठा गेला.'

२० जुलै

एक गोष्ट सुचलीय. कोणाला सांगायची नाही.

सासूबाईंच्या पायाला रोज कोकमतेल चोळते. चोळता चोळता हातांनाही. अंगठ्याला जरा जास्त. आज विचारलंच त्यांनी, 'पाय तिकडं हाय ना गो?' म्हटलं, उरलंय तेल, फुकट कशाला घालवू. त्यांनी हात काढून घेतला नाही.

भांडं नाही, राख नाही, विळा नाही. त्यांचा हात जन्मात पहिल्यांदा बसून आहे. त्यांचा अंगठा लागला तर श्रुतिकाचं भागेल. मग मला कोण अडवणार?

१३ ऑगस्ट

आज दोघी बिरवाडीला गेलो. सासूबाई काठी टेकत. माझा अंगठा — लाल. लाल. लाल. ते ठाऊकच होतं.

मी म्हटलं, 'आई, तुमचा ठेवा.'

'चल गो, तमाशा नको.'

हलिमाभाभीने ऐकलं नाही. त्यांचा हात ओढून घेतला, पुसला, दाबून धरला. हिरवा! भाभीच ओरडली, 'लागला गो साळूबाई!' सासूबाई मशीनकडे नाही, अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग केवायसी, पुन्हा अंगठा, पुन्हा हिरवा. थोडे पैसे काढले, ते कनवटीला लावले.

आणि येताना एसटीतून घाट चढताना माझ्या डोक्यात उजेड पडला. काय मूर्ख मी! आता जपायचा अंगठा त्यांचा. म्हणजे त्या बसणार ओट्यावर आणि रान, शेण, पाणी, राख, सगळं माझ्या गळ्यात. आधी निदान हात तरी बांधलेले होते. आता सगळीच बांधली गेले. दावं मीच वळलं, महिनाभर तेल चोळून चोळून!

प्रियदर्शिनीचा फोन आला होता. सोमवारी भरती, असा मेसेजही. फोन उचलला नाही.

१५ ऑगस्ट

भाताची बेणणी. दिवसभर तण उपटलं. सासूबाई ओट्यावर बसून रानाकडे बघत होत्या.

१७ ऑगस्ट, बिरवाडी

खोली एवढीशी आहे. सुधीर स्टोव्ह आणायला गेलाय. प्रियदर्शिनीला फोन केला, उद्या सातला कंपनीची गाडी.

सकाळी उठले तर माझी पिशवी भरून दारात! सासूबाई म्हणाल्या, 'सुधीरला सांगितलंय, खोली बघ म्हणून. जा.' मी म्हटलं, आणि बेणणी? तर म्हणतात, 'शकूला मजुरीनं लावलीय. माझे पैशे हायत.'

माझे! त्या घरात हा शब्द कोणत्या बाईच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

उतारापर्यंत काठी टेकत आल्या. तिथे थांबून म्हणाल्या, 'पगार झाला की स्वतःच्या हातात ठेव. कुणाला देऊ नको. मला पण नाय.'