भरावावरचा पिंपळ

कळंब,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. ज्योत्स्नाअक्का यांस,
करुणाचा स. जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते म्हणून रागावू नका. फोनवर तुमची सभा सुरू होते आणि माझी पाळी येईपर्यंत रेंज जाते. आबा बरे आहेत. गुडघे दुखतात, पण सुनेनं तेल लावायला सांगितलं की लावायचं नाही हा तुमच्या वडिलांचा नियम अजून चालू आहे.

लिहायचं कारण तलाव. यंदा तो काठोकाठ भरलाय आणि भरावातून पाणी येतंय. मातीचा भराव म्हटल्यावर पायथ्याला थोडं पाणी झिरपतंच, आपण त्यात भांडी धुतलीत. पण आता ते गढूळ येतंय. सरकारकडून वृषाली नावाची इंजिनिअर पोरगी आली होती. ती म्हणाली की नितळ पाणी आलं तर भिऊ नका, गढूळ आलं तर समजा भराव आतून वाहून चाललाय. आणि हे पाणी निघतंय ते बरोबर धम्मदीपच्या पिंपळाखाली. मुळं भरावात आरपार गेलीत. नुसतं झाड तोडून भागणार नाही. मुळं कुजली की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. तलाव आधी उतरवायचा, मग झाड मुळासकट काढून तिथं नवी माती दाबून भरायची.

भराव फुटला तर पहिली आपलीच वस्ती आहे. सगळ्या घरांची दारं भरावाकडे.

त्या झाडाखाली तुमच्या भावाच्या अस्थी आहेत हे मी तिला सांगितलं. मी चहा दिला. मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. भाकरी राहिल्या होत्या, त्या थापल्या.

काय करायचं ते कळवा. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपली,
करुणा


बारामती,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय करुणा हिस,
अ. आ. व जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला तपासायच्या पेपरांचा गठ्ठा तसाच टाकून लिहायला बसले. आधी एक सांग. त्याच भरावावर आप्पासाहेबांच्या उसाच्या बाजूला बाभळींचं रान माजलंय. त्यांची मुळं काय हवेत लोंबतात? त्यांच्या बाभळी चालतात आणि आपला बोधिवृक्ष तेवढा धोक्याचा? मी सभांमधून हे तीस वर्षं सांगत आले. या देशात सुधारणेची कुऱ्हाड निघाली की ती आधी आपल्याच दाराशी येते.

आठव, धम्मदीप वालचंदनगरच्या रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा निम्मे पाहुणे म्हणत होते की अस्थी नरसिंहपूरच्या संगमावर सोडा. मी अंगणात उभी राहून म्हणाले होते की जो माणूस जन्मभर मातीत राबला त्याला मातीतच ठेवा आणि वर झाड लावा. शेतात लावलं असतं तर सावलीनं पीक गेलं असतं. म्हणून मीच भराव सुचवला, सगळ्या शिवाराला दिसावं म्हणून. तिथं ते आठ वर्षांत केवढं झालं! वस्तीला उभं राहायला जागा नव्हती, तिथं आपण एक उंच जागा मिळवली. ती मी सोडणार नाही.

कुणाला हात लावू देऊ नकोस. मी पाचशे माणसं घेऊन येते. भरावाला दुसरा उपाय असेलच, तो शोधणं त्यांचं काम आहे.

आबांना तेल मी सांगितलंय म्हणून सांग, लावतील. धीर धर, आणि माझ्यावरचा विश्वास कमी करू नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना


कळंब,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का यांस,
स. जयभीम. वि. वि.

तुम्ही सांगितलंय म्हटल्यावर आबांनी तेल लावलं. वर म्हणाले की बारामतीचं तेल गुणाचं. बाटली इथलीच होती.

बाभळींचं म्हणाल तर त्या आप्पासाहेबांनी परवाच काढायला लावल्या. भराव फुटला तर त्यांचाही ऊस जातो. आता एकटा पिंपळ राहिलाय आणि त्याला हात लावायला कुणी तयार नाही. आपले लोक म्हणतात बोधिवृक्ष आहे, पाप लागेल. त्यांचे लोक म्हणतात पिंपळावर मुंजा असतो, धरेल. या दोन वस्त्यांचं आजवर पाण्याच्या पाळीवरही एकमत झालं नव्हतं, ते या झाडानं केलं. आप्पासाहेब स्वतः येऊन आबांना म्हणून गेले की झाड काढलंच पाहिजे गंगारामराव, फक्त माझ्या गड्याच्या हातून नको. जेसीबीवाला आला, त्यानं झाड बघितलं, आईला बरं नाही म्हणाला आणि मशीन तिथंच ठेवून गेला.

तलावाचं पाणी सोडणं चालू आहे, पण भरावात अजून बरंच पाणी आहे. पायथ्याशी आता चिखल उकळल्यासारखा बुडबुडतो. आभाळ आलं की बायका पोरांना घेऊन देवळाच्या माळावर जाऊन बसतात आणि उघडलं की परत येतात.

अक्का, पाचशे माणसं आणू नका. ती संध्याकाळी परत जातील. भरावाखाली आम्ही राहतो.

झाडात देव नसतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. मग मुंजाही नसतो आणि धम्मदीपही नसतो. हे लिहिताना मला काही वाटायला हवं. वाटत नाही, हात फक्त लिहितोय. मी इंजिनिअरबाईंना होकार कळवणार आहे. तुमचा आला तर बरं, नाही आला तरी कळवीन.

राग आला तरी माया तशीच असू द्या.

आपली,
करुणा


बारामती,
२९ नोव्हेंबर २०२४

प्रिय करुणा हिस,
अ. आ. व जयभीम.

काल सभा होती. पाऊण तास बोलले. टाळ्या पडल्या. काय बोलले ते आठवत नाही.

झाड काढा.

मी यायला हवं हे मला कळतं. पण मी आले तर बोलायला लागेन आणि तिथं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. घरी बसून आहे. पेपर तपासतेय. सगळ्यांना पास करत सुटलेय, असं गठ्ठे न्यायला येणाऱ्या शिपायाचं म्हणणं आहे.

आबांना जप. मला परकी समजू नकोस.

तुझी,
ज्योत्स्ना


कळंब,
९ डिसेंबर २०२४

चि. ज्योत्स्ना हीस,
आबाचा आशीर्वाद आन जयभीम.

माझं आक्षार वाईट हाय, पर ही गोष्ट सूनबाय तुला लिव्हनार न्हाय म्हनून मी लिव्हतो. झाड काढलं. मशीनवाला आप्पासायबानं परत धरून आनला, पर त्यो वर चढंना. नारळ द्या, कोंबडं द्या, मुंजाची परवानगी घ्या, आसं कायबाय लावलं त्यानं. हितं समदी वस्ती उभी, तितं त्यांची मानसं उभी, आन कुनीच बोलंना. मला वाटलं, आज माझी ज्योत्स्ना पायजे हुती.

मग करुणा वर गेली. झाडाला बांधलेला पंचशीलाचा झेंडा सोडला, घडी घातली आन मशीनवाल्याला म्हनली की दादा, ह्येच्यात मुंजा न्हाय, माझा नवरा हाय. त्यो जित्ता हुता तवा कुनाला वाकडं बोलला न्हाय, तुला आता काय करनार हाय? चालव तू.

येवढंच म्हनली. आवाज बी चढवला न्हाय. त्या पोरानं गुमान मशीन चालू केलं.

मुळं मांडीएवढी निघाली. एका मुळाच्या कडंनं बीळ पडलं हुतं, त्यात म्या हात घातला तर खांद्यापातूर आत गेला. आतनं पानी वाजत हुतं. इंजिनेर पोरगी म्हनली की आबा, येका मोठ्या पावसाचं काम हुतं.

खड्ड्यात म्या लई बघितलं. राख न्हाय, काय न्हाय. नुसती माती. मुळांनी समदं घेतलं. मग काळी माती टाकली, पानी मारलं, रोलर फिरवला, परत माती. करुणा दिवसभर तितंच उभी. जेव म्हनलं तर जेवली, बस म्हनलं तर बसली. रडली न्हाय. मी रडलो, गडी मानूस आसून. आप्पासायब बी टोपी काढून हातात धरून उभा हुता. का ते त्याला बी ठाव नसंल.

तू ये. तिच्याजवळ बस. पर भाषन करू नगंस.

म्हाताऱ्याची आठवन ठेव.

तुझा,
आबा


कळंब,
२२ जानेवारी २०२५

ती. अक्का यांस,
स. जयभीम. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात, चार दिवस राहिलात आणि एकदाही भाषण केलं नाहीत. शेजारणी विचारतात की तुझ्या नणंदेचा घसा बसला होता का. मी हो म्हणाले.

कालव्याचं आवर्तन सुटलं. तलाव पुन्हा भरला. इंजिनिअरबाई येऊन बघून गेल्या. भरावावर त्यांनी नुसतं गवत लावायला सांगितलंय. आबा रोज वर जातात, जिथं झाड होतं तिथं थोडा वेळ थांबतात आणि कुठं बघावं ते न कळून घरी येतात.

बायका आता माळावर जात नाहीत. पोरं घरात झोपतात.

मला सगळे विचारतात, तुला आता कसं वाटतंय. मी सकाळी उठून पायथ्याला जाते आणि परत येते. विचारलं की सांगते, पाणी नितळ येतंय.

आमच्यावर माया आहे ती असू द्यावी.

आपली,
करुणा