चिखलाचं विरजण

३ ऑक्टोबर

पुण्याच्या बायका येऊन गेल्या एकदाच्या! स्टुडिओ पॉटर म्हणे. सकाळभर माझ्या माती तयार करायच्या शेडमध्ये फिरल्या, फोटोंवर फोटो काढले, पण मातीला हात लावायचा म्हटलं की मागं सरकल्या. नखं ही एवढी! चाकावर बसतात की नुसत्या फोटोला बसतात, देव जाणे. एक म्हणाली, "तुमच्या क्लेमध्ये ना, एक एनर्जी आहे." मी म्हटलं, बाई, त्यात चायना क्ले आहे, बिकानेरची बॉल क्ले आहे, फेल्डस्पार आहे, गारगोटीची पूड आहे. एनर्जी मशीनला लागते, तिचं बिल येतं.

असो. डिसेंबरच्या शिबिराची सगळी माती माझ्याकडूनच घेणार आहेत. देशभरातले कुंभार – मोठ्या पदव्यांचे, लिननच्या कपड्यांतले – आणि सगळ्यांच्या हातात माझी माती! हे नीट पार पडलं तर शेडची काळजी मिटली. फसलं तर ह्या लोकांच्या ग्रुपवर एका संध्याकाळीत माझं नाव संपेल.

त्या यायच्या आधी कोपऱ्यातला निळा ड्रम ओतून टाकायला लावला. मशीन धुतल्याचा राडा, वर्षानुवर्षं साचलेला, वर बुरशी. कारभारी, आमचा मशीनवाला, खूशच झाला. "लई दिसाचं मनात व्हतं ताई. उंदीर मेल्यावानी वास मारायलाय." ड्रम फिनाईलनं घासून घेतला. शेड कशी लख्ख दिसली!

५ ऑक्टोबर

वैजनाथच्या दुकानाचं ऑनलाइन पान उघडून पाहिलं. गुढीपाडव्यापासून एक नवा फोटो नाही. इतका मोठा झाला की आता जाहिरातही लागत नाही वाटतं!

धाकटा दीर माझा. माती चाळण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं माझ्या शेडमध्ये शिकला, आणि तीन वर्षांपूर्वी करमाडला जाऊन स्वतःचं दुकान मांडलं – 'मराठवाड्याच्या मातीचं स्टोनवेअर'. म्हणजे काय, तर कडक भाजायच्या भांड्यांच्या मिश्रणात तिथली रानातली माती घालायची आणि विकायची. रंग छान येतो म्हणे, ठिपके येतात. मी तेव्हाच सांगितलं होतं, त्या मातीत चुनखडी आहे. भट्टीतून भांडं देखणं निघेल आणि महिन्याभरात हवेतला ओलावा पिऊन चुना फुगेल, टवके उडतील. तर मला म्हणतो, "वहिनी, तुला फक्त गोणीतली माती कळते." मला! सिरॅमिकची पदवी माझी, आणि हा बीकॉम!

तेव्हापासून बोलणं बंद. सासूबाई त्याच्याबरोबर गेल्या. जाताना काय नेलं, तर डब्यात दह्याचं विरजण आणि बादलीत त्या घाणेरड्या ड्रममधला राडा! दागिने कपाटातच. माझ्या मैत्रिणी अजून हसतात.

यंदा त्याची दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं आली. आली ना शेवटी गोणीतल्या मातीकडं!

१४ ऑक्टोबर

नाशिकच्या बाईचा फोन. "नवीन माती वळत नाहीये, कडा फाटतायत." म्हटलं, हात सैल सोडा. ह्यांना चाक येत नाही आणि दोष मातीला!

१७ ऑक्टोबर

आणखी तिघांचे फोन. एक म्हणाली, माती नाराज वाटते. नाराज! मातीची कुंडलीही पाहून घ्या म्हणावं.

फोन ठेवला आणि नवीन मालाची वळी करून बोटाला गुंडाळली. तीन तुकडे.

२१ ऑक्टोबर

सगळं तपासलं. चाळण्या, वजनं, पाणी. बॉल क्लेच्या व्यापाऱ्याशी कडाकडा भांडले, उगीचच, त्याची माती चोख होती. फेल्डस्पारही बदलून पाहिला. तरी तेच. जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना फाटते ना, तशी. मातीला विरीच नाही.

शिबिर डोक्यावर आलंय. भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे, फार भीती वाटते.

२४ ऑक्टोबर

रॅकच्या मागं उन्हाळ्यातल्या मातीचा एक गट्टू सापडला. वळी केली. बोटाला दोन वेढे दिले, चीर नाही! तेच प्रमाण, त्याच गोण्या. मग?

कारभारीला विचारलं, उन्हाळ्यात काय वेगळं करत होतास? "काय नाय ताई. त्या ड्रममधल्या दोन बादल्या तेवढ्या टाकायचो दर घाण्याला. आजींनी सांगितलं व्हतं जाताना. आता ड्रमच नाय, तर काय टाकू?"

विरजण! जुन्या चिखलातले जंतू नव्या मातीत उतरतात, माती आंबते, लवचिक होते. कॉलेजात हे मी परीक्षेत लिहिलं होतं! आणि मला वाटत होतं, माझी माती आठवड्याभरात तयार होते ती माझ्या प्रमाणांमुळं. आपोआप आंबायला सहा महिने लागतील. सहा महिने कुणाच्या घरचे? वा इंजिनिअरबाई! फिनाईलनं घासलंत!

घरी लक्ष्मणला सांगितलं. ह्या माणसानं पेपरातून मान वर न करता म्हटलं, "आईकडं असेल की." नवरा आहे की शत्रू?

२६ ऑक्टोबर

जाणार नाही.

२९ ऑक्टोबर

व्हिनेगर घालून पाहिलं. दही घालून पाहिलं. वास तेवढा आला.

३ नोव्हेंबर

काल करमाडला गेले. जालना रोडला ट्रक उलटला होता, त्यामुळं पोचेपर्यंत दिवे लागले. सासूबाई देवापुढं निरांजन लावत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हातातल्या रिकाम्या कॅनकडं पाहिलं.

"ठेव तिथं. आता दिवे लागले. तिन्हीसांजेला विरजण देत नसतात."

"आई, तो चिखल आहे!"

"चिखल असो का दही. सकाळी देते. हातपाय धू, जेवायला बस."

मला शास्त्र शिकवायच्या! ओठावर आलं होतं. पण गरज माझी होती. बसले.

मागची शेड अंधारात. मशीनवर ताडपत्री. म्हटलं, आज सुट्टी दिसते. विचारलं, वैजनाथ कुठंय? "ड्युटीला. शेंद्र्याला कंपनीत लागलाय, पाडव्यापासून. शेड बंदच आहे."

त्यांनी ताक दिलं ते त्यानंच घडवलेल्या पेल्यात. पेल्याला बाहेरून टवके, आणि प्रत्येक टवक्याच्या मधोमध पांढरा ठिपका. चुना. फडताळातल्या सगळ्या पेल्यांना तेच. मी बरोबर होते! तीन वर्षं ह्याच दिवसाची वाट पाहत होते मी, आणि पेला टवके दिसणार नाहीत असा फिरवून ठेवला.

"मग इथला चिखलाचा ड्रम कोण पाहतं?"

"मीच. दर सोमवारी कालवते, पाणी घालते. वैजू म्हणतो, आई फेकून दे आता. मी म्हटलं, राहू दे. अंबिका येईल एक दिवस. नेटकी बाई आहे ती. तिला वास सोसायचा नाही, ती फेकून देईल."

ह्या बाईला मी अडाणी म्हणत आले!

सकाळी वैजनाथ आला. निळा गणवेश, गळ्यात कार्ड, डोळे लाल. मला वाटलं तोंड फिरवेल. "वहिनी, चहा घेतला का?" एवढंच. मग कॅन धरून उभा राहिला, सासूबाई तांब्यानं ओतत होत्या. ड्रम तळाला गेला तरी ओततच होत्या. मी म्हटलं, थोडं ठेवा की तुम्हाला.

वैजनाथ म्हणाला, "कशाला? इथं आता कोण मळायलंय?"

प्रत्येकाला लावायला एक टोमणा माझ्याजवळ तयार असतो. आज चुनखडीचं नावही काढलं नाही मी. त्यानंही नाही.

परतताना कॅन मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हरनं काच खाली केली. केली तर केली.

१८ नोव्हेंबर

नव्या मालाची वळी बोटाला गुंडाळली. तुटली नाही. पुन्हा गुंडाळली. शिबिराची गाडी भरून गेली. पुण्याची बाई फोनवर म्हणाली, एनर्जी परत आली! मी हो म्हटलं.

२० नोव्हेंबर

सोमवार. ड्रम स्वतः कालवला. त्यातलं थोडं वेगळ्या बरणीत काढून फडताळावर ठेवलं. कारभारीनं विचारलं, "हे कुणाला ताई?" म्हटलं, वैजनाथला. येईल तो एक दिवस.